मांडीवरचा पापुद्रा

मिहूच्या घामाला वास येऊ लागला तेव्हा ती दहा महिन्यांची होती.

तान्ह्या बाळाला दुधाचा वास असतो, आंबूस लाळेचा असतो, ओल्या दुपट्याचा असतो. घामाचा नसतो. गार्गीने लेकीच्या मानेत नाक खुपसलं आणि ती तशीच थांबली. वास ओळखीचा होता. जळगावचा एप्रिल, बाहेर सत्तेचाळीस अंश, कामावरून आलेला बाप्या शर्ट काढून खुंटीला लावतो, त्या शर्टाचा.

तिने मिहूला आंघोळ घातली, कोरडी केली आणि पुन्हा हुंगलं. तासाभराने वास परत आला.

"आई, जरा हिच्या मानेचा वास घेऊन बघता?"

सासूबाईंनी घेतला. "पावडरचा येतोय," त्या म्हणाल्या. "तू दोन तास झोप बरं आधी."

गार्गी काळजी करते ही घरात आता बातमी राहिली नव्हती. उचकी थांबत नाही म्हणून, शी हिरवी झाली म्हणून, एक भुवई दुसरीपेक्षा वर दिसते म्हणून तिने मिहूला दवाखान्यात नेलं होतं. तिथला कंपाउंडर तिला पाहिलं की "या ताई, तुमचीच खुर्ची," म्हणायचा. शिकलेली बाई होती, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, बाळंतपणाच्या आधी महापालिकेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची. पाण्यात काही सापडलं नाही तर नमुना चुकला असेल असं समजायची तिची सवय. ती सवय घेऊनच ती आई झाली होती.

पण एकटा वास असता तर तिनेही सोडून दिलं असतं. कपाळावर पुटकुळ्या होत्या. उष्णतेच्या आहेत म्हणून चंदन लावून झालं होतं. पायांवर आणि पाठीवर काळे केस होते, जन्माच्या लवेसारखे मऊ नव्हेत, जाड. आणि दीड वर्षाच्या मुलीची झबली तिला आत्ताच आखूड होत होती.

"उंच होईल, बापावर गेलीय," सासूबाई म्हणायच्या. आणि हर्षल हसायचा.

हर्षल हसतोय, हे मात्र खरंच बातमीसारखं होतं.

सहा महिन्यांपूर्वी तो हसत नव्हता. केळी पिकवण्याच्या एका मोठ्या शीतगृहावर तो देखरेखीला होता. कामावरून यायचा, सोफ्यावर आडवा व्हायचा आणि जेवणाच्या हाकेपर्यंत छताकडे बघत राहायचा. मिहू रडली तर उठायचा, नाही असं नाही. पण उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवायचा, एकतीस वर्षांचा माणूस. गार्गीच्या जवळ येणं तर थांबलंच होतं. तिला आधी वाटलं, आपण बाळंतपणात जाड झालो म्हणून. मग वाटलं, मुलगी झाली म्हणून. मग तिने वाटणं बंद केलं आणि त्याला हाताला धरून डॉ. अत्तरद्यांकडे नेलं.

डॉ. अत्तरदे संप्रेरकांचे डॉक्टर. सावकाश बोलायचे, समोरचा नववीतला विद्यार्थी आहे असं धरून.

"टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या वृषणांत तयार होतं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते, ती वरून हुकूम सोडते आणि खाली माल तयार होतो. दाढीमिशा, आवाज हे झालं लोकांना माहीत असलेलं. पण हाडं, स्नायू, रक्त, झोप, मनाची उभारी, सगळ्याला ते लागतं. पहाटे जास्त असतं, संध्याकाळी उतरतं. म्हणून तपासणी सकाळी आठला, उपाशी पोटी. आणि एकदा नाही, दोनदा."

"दोनदा का?" गार्गीने विचारलं.

"कारण घरात तान्हं बाळ असलं की बापाचा आकडा थोडा उतरतोच. निसर्गच उतरवतो, गडी घरात टिकावा म्हणून. झोप झाली नाही तरी उतरतो. एका आकड्यावर औषध सुरू केलं तर अर्धं गाव माझ्याकडे येईल."

दोन्ही वेळा आकडा किमान पातळीच्या निम्म्याहून खाली आला. पीयूष ग्रंथीचे हुकूम मात्र भरपूर सुटत होते. "वरून ओरडा चालू आहे, खाली कारखानाच अर्धा बंद," डॉक्टर म्हणाले. "लहानपणी गालफुगी झाली होती? कधीकधी ती खाली उतरते आणि वृषणांना इजा करून जाते."

"आठवत नाही. आईला विचारावं लागेल."

"विचारा."

हर्षलने विचारलं नाही. परत येताना गाडीत एवढंच म्हणाला, "आईला यातलं काही सांगायचं नाही. कुणालाच नाही."

उपचार म्हणजे 'समतोल' नावाचा पापुद्रा. दोन वर्षांपूर्वी बाजारात आलेला, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ, तळहाताएवढा तुकडा. खालचा थर दर दहा मिनिटांनी कातडीखालच्या द्रवातलं संप्रेरक मोजायचा. मधला थर म्हणजे गाभा, त्यात औषधाच्या हजारो सूक्ष्म पिशव्या; तो संपला की बदलायचा. आकडा खाली गेला की हव्या तेवढ्या पिशव्या उघडायच्या. औषध कातडीतून आत झिरपायचं आणि कातडीखालच्या चरबीत साठून हळूहळू रक्तात जायचं. वरचा थर झाकणासारखा. इंजेक्शन घेतलं की आठवडाभर वाघ आणि मग मांजर, अशी जी गत व्हायची ती यात नव्हती. हा पहाटे जास्त सोडायचा, संध्याकाळी कमी. निरोगी शरीराची नक्कल करायचा.

जुनी मलमं हातावर लावायची असत आणि बायकापोरांना लागत. म्हणून समतोल चिकटवायचा मांडीवर, गुडघ्याच्या वर, समोर. माहितीपत्रकात लिहिलं होतं: सदैव कपड्याखाली राहणारी, म्हणून सर्वांत सुरक्षित जागा. पोहलं तरी चालेल.

"दुसरं मूल हवं असेल तर मात्र आधी मला सांगायचं," डॉक्टर म्हणाले. "बाहेरून माल आला की आतला कारखाना उरलेलं कामही बंद करतो."

आईला सांगितलं, व्हिटॅमिनची पट्टी आहे.

दोन महिन्यांत हर्षल परत आला. असंच म्हणावं लागेल, कारण गार्गीला तो घरात असूनही हरवल्यासारखा झाला होता. तो गच्चीवर वांगी भाजून भरीत करू लागला, न्हाणीघरात बेसूर गाऊ लागला. एका दुपारी मिहू झोपलेली असताना स्वयंपाकघरात येऊन त्याने गार्गीच्या खांद्यावर हनुवटी टेकली. कणीक मळता मळता तिचे हात थांबले. "काय झालं?" त्याने विचारलं. "काही नाही," ती म्हणाली, आणि कणकेत पाणी जास्त झालं.

आणि तो पहाटे उठू लागला. मालीशवाल्या शेवंताबाई शहरातल्या बेबी स्पामध्ये नोकरीला लागल्या होत्या, सासूबाईंचे गुडघे खाली बसू देत नव्हते, आणि गार्गीच्या हातून बाळ निसटेल या भीतीने गार्गीचेच हात कापायचे. "मी करतो," हर्षल म्हणाला. शेवंताबाईंकडून तीन दिवस शिकला. पाटावर बसायचं, पाय लांब सोडायचे, चड्डी वर दुमडायची, बाळाला दोन्ही मांड्यांवर पालथं घ्यायचं आणि कोमट खोबरेल तेलाने मानेपासून टाचेपर्यंत रगडायचं.

"आव माय!" सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. "बाप्यानं पोरीला तेल लावायचं! आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी पाहिलं नाही."

"मग बघून घे," हर्षल म्हणाला. "फुकट आहे."

मिहू त्याच्या मांडीवर खदखदा हसायची. गार्गी दारात उभी राहून बघायची. कानात तेल गेलं का, मान वळली का, पाणी फार कढत नाही ना. दोन महिन्यांनी लव दिसू लागली तेव्हा सासूबाईंकडे उपाय तयार होता. बेसन, हळद आणि सायीची गोळी, तेलाच्या हाताने अंगभर फिरवायची. "आणि मालीश दोन वेळा कर रे. तेलाने लव गळते. तुझी अशीच घालवली मी."

हर्षल दोन वेळा करू लागला. केस वाढले.

बालरोगतज्ज्ञ डॉ. फिरके बाईंनी या खेपेस हसून परत पाठवलं नाही. त्यांनी मिहूच्या मनगटाचा एक्स-रे काढला. हाडांचं वय वीस महिने आलं. रक्त पाठवलं, त्यातलं टेस्टोस्टेरॉन चौदा वर्षांच्या मुलाला शोभेल असं होतं.

"घरात कुणी हार्मोनचं मलम, जेल वगैरे लावतं का?" फिरके बाईंनी विचारलं. नेहमीचा प्रश्न होता. त्या लिहिता लिहिता विचारत होत्या.

खोलीत घरची तिघं होती. हर्षल खिडकीपाशी, गार्गी समोरच्या खुर्चीत, सासूबाई मिहूला मांडीवर घेऊन बाजूला. हर्षलने खिडकीतून तोंड वळवलं नाही. मलम नाही, जेलही नाही, पापुद्रा आहे, गार्गीच्या मनात आलं. आणि तो झाकलेला असतो. सासूबाई तिच्याकडेच बघत होत्या.

"नाही," गार्गी म्हणाली.

फिरके बाईंनी 'नाही' लिहिलं आणि पान उलटलं.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी असतात. त्यांत गाठ झाली तर एवढ्याशा मुलीतही असं होऊ शकतं. सोनोग्राफीत उजव्या बाजूला एक सावली दिसली. गाठ आहे की आतड्यातला वायू, कळेना. नाशिकला गुरुवारी सकाळी बाळाला भूल देऊन एमआरआय ठरला. गाठ निघाली तर त्याच आठवड्यात ऑपरेशन.

"दिवस गेले होते तेव्हा काही वेडंवाकडं खाल्लं होतंस का गं?" घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं. स्वर वाईट नव्हता, पण गार्गीला तो पुरला. नऊ महिन्यांत खाल्लेला प्रत्येक घास तिने आठवून पाहिला.

मंगळवारी दुपारी ती समतोलच्या केंद्रात गेली. नाशिकला चार दिवस लागले तर हर्षलचा साठा संपायला नको, म्हणून. एका गाभ्यातलं औषध तीस दिवस पुरायला हवं होतं. हल्ली महिना होण्याआधीच संपल्याचा निरोप मोबाईलवर यायचा. काउंटरवर तंत्रज्ञ होता, जाड चष्म्याचा, बोलघेवडा.

"वहिनी, हा गाभा सतरा दिवसांत संपला," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "त्याआधीचा बावीस. दादा काय मित्रांना वाटतात का?"

गार्गी हसली नाही. "म्हणजे डोस वाढलाय?"

"यंत्राने वाढवलाय. आकडा पडला की ते जास्त सोडतं. आणि हे बघा, पडतोच आहे. रक्तात पण जास्त जात नाहीये. कुठेतरी गळतंय म्हणा ना!"

"दिवसाचा आलेख दाखवता?"

त्याने दाखवला. रेषा पहाटे चढत होती, सव्वासातला खड्ड्यात पडावी तशी पडत होती, मग पुन्हा चढत होती. संध्याकाळी सहाला दुसरा खड्डा. रोज. मार्चमध्ये चार दिवस मात्र रेषा सरळ होती. गार्गीला तारखा आठवायची गरज नव्हती. हर्षल प्रशिक्षणाला पुण्याला गेला होता.

सकाळी सव्वासात. संध्याकाळी सहा.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात ती गोष्ट, आणि स्वयंपाकघरात तर शिकवावीही लागत नाही. नव्या ताटावरचं स्टिकर पाण्याने कितीही घासा, गोंद हलत नाही. तेलाचं बोट फिरवलं की निघून येतो. टेस्टोस्टेरॉन चरबीत विरघळणारं, पाण्यात नाही. म्हणून पोहलं तरी चालत होतं. आणि दोन मांड्यांवर, कोमट तेलात, अर्धा अर्धा तास...

"वहिनी, पाणी देऊ का?" तंत्रज्ञ विचारत होता.

शीतगृहाच्या दाराशी केळ्यांचा हिरवट, थंड वास होता. हर्षल जाडं जाकीट घालून बाहेर आला. "मिहू?" त्याने आधी विचारलं.

"मिहू आईंपाशी आहे. हे बघ." तिने मोबाईल पुढे केला. "रेषा सव्वासातला पडते. सहाला पुन्हा पडते. पुण्याला होतास तेव्हा नाही पडली."

"पुण्यात झोप नीट झाली माझी."

"पुण्यात तू मिहूला मांडीवर घेतलं नाहीस, हर्षल."

तो हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाला, "पुसून जात नाही ते. पाण्यात जात नाही. छापलंय त्यात."

"पाण्यात नाही. तेलात जातं. तेल पट्टीच्या कडेने शिरून औषध ओढून घेतं, ते मिहूच्या अंगात जातं. तुझ्याकडे कमी झालं की यंत्र आणखी सोडतं. तेही तिलाच जातं. तिला केस आले, म्हणून आपण दोन वेळा तेल लावलं."

मागे कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. हर्षल त्याला वाट देण्यासाठी भिंतीला चिकटला आणि तिथेच राहिला.

"फिरके मॅडमना आज सांगायला हवं," गार्गी म्हणाली. "त्यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. तू पण गप्प राहिलास."

"आई होती तिथे."

"आजही असतील."

"गार्गी, ऐक." त्याने आवाज खाली आणला. "गुरुवार होऊन जाऊ दे. गाठ नाही असं निघालं की मग शांतपणे सांगू. मी पट्टी काढून टाकतो, कुणाला काही—"

तो बोलता बोलता थांबला. आपण काय म्हणालो ते त्याच्या स्वतःच्या कानांवर उशिरा पडलं असावं. दहा महिन्यांच्या पोरीला भूल द्यायची, कारण बापाला आईसमोर एक वाक्य बोलवत नाही.

आपण ओरडायला हवं होतं, असं गार्गीला पुढे कितीदा तरी वाटलं. पण तेव्हा तिला एवढंच दिसत होतं, की पहिलं 'नाही' आपणच म्हटलं होतं.

हर्षलने जाकिटाची चेन लावली, पुन्हा उघडली. "गाडी काढतो," तो म्हणाला.

फिरके बाईंच्या खोलीत पुन्हा तीच तिघं. या खेपेला हर्षल खिडकीपाशी गेला नाही. टेबलासमोर उभा राहून, शाळेत कविता म्हणताना पोरं म्हणतात तसं, त्याने एका दमात सांगितलं. माझ्यात टेस्टोस्टेरॉन कमी आहे, सहा महिने मांडीवर समतोल आहे, मी रोज मुलीला मांडीवर घेऊन तेल लावतो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दोन आठवड्यांपूर्वी विचारलं होतं मी," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. त्यांनी डॉ. अत्तरद्यांना फोन लावला, सकाळच्या तेलाचा अंश पुसायला मिहूच्या पाठीवरून कापसाचा बोळा फिरवला, आणि नमुना अत्तरद्यांच्या प्रयोगशाळेत गेला. तासाभरात उत्तर आलं, बोळ्यावर टेस्टोस्टेरॉन होतं. एमआरआय रद्द झाला नाही, पुढे ढकलला. "संपर्क बंद करा. दोन आठवड्यांनी आकडा अर्ध्यावर आला, तर गाठ नाहीच असं मी समजेन. सावली पुन्हा बघू."

पायऱ्या उतरताना सासूबाई मध्येच थांबल्या. कठडा धरून म्हणाल्या, "सहावीत होतास. गालफुगी झाली होती तुला. खाली पण सूज आली होती. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, पुढे त्रास होईल म्हणून."

हर्षल दोन पायऱ्या खाली होता. त्याने वर पाहिलं.

"तुझे बाबा म्हणाले, पोराचं लग्न व्हायचंय, कुठे बोलू नकोस. मी नाही बोलले."

"मला पण?"

"तुला काय सांगायचं होतं रे बाळा? मला तरी काय कळत होतं त्यातलं?" आणि गार्गीकडे न बघता त्या म्हणाल्या, "हिला उगीच विचारलं मी काय खाल्लंस म्हणून."

क्षमा मागण्याची त्यांची रीत एवढीच होती. गार्गीने मिहूला त्यांच्या कडेवरून घेतलं आणि दुसरा हात त्यांना धरायला दिला.

पंधरा दिवसांनी मिहूचा आकडा एक षष्ठांशावर आला. सोनोग्राफीत सावली नव्हती. महिन्याने आकडा तिच्या वयाच्या मुलीचा असतो तेवढा, म्हणजे जवळजवळ नाहीसा झाला. हाडांचं वय पुढे गेलं ते मागे येणार नव्हतं. "पण धाव थांबलीय," फिरके बाई म्हणाल्या. "खरं वय हळूहळू गाठेल. दर सहा महिन्यांनी मनगट बघत राहू, दहा वर्षांची होईपर्यंत. उंचीत एखादा इंच गेला तर गेला." गार्गीने तो इंच मनाच्या एका कोपऱ्यात ठेवला, तो तिथेच राहणार होता.

समतोल बनवणाऱ्या कंपनीतून एका बाईचा फोन आला. आवाज तरुण होता आणि खरंच हादरलेला.

"मॅडम, आमच्या चाचण्यांत नऊ देशांतले अडीच हजार पुरुष होते. पोहणं, घाम, साबण, सॉना, सगळं तपासलं आम्ही. मांडीवर बाळ घेऊन तेल लावणारा एकही निघाला नाही."

"तुम्ही विचारलं होतं?"

"प्रश्नावलीत तो प्रश्नच नव्हता," ती म्हणाली.

पुढच्या तीन आठवड्यांत देशभरातून अशी अकरा बाळं सापडली. त्यातल्या एकाचं पोट उघडून झालं होतं, काही सापडलं नव्हतं. गार्गीने ती बातमी वाचून मोबाईल पालथा ठेवला.

हर्षलने उपचार सोडावेत असं कुणीच म्हटलं नाही. तो स्वतः म्हणाला. डॉ. अत्तरदे त्याच्यावर उखडले. "मधुमेही माणूस इन्सुलिन सोडतो का? तुमची हाडं पंचेचाळिशीत ठिसूळ होतील, मग नातवंडाला काय उचलणार? दर दहा आठवड्यांनी कमरेत इंजेक्शन. खोल स्नायूत जातं, कातडीवर काही येत नाही. जुनं आहे, चढउतार होतील, पण कुणाला लागणार नाही."

त्याने इंजेक्शन घेतलं. शरीर ठीक राहिलं. दहा आठवड्यांच्या शेवटी चिडका व्हायचा आणि सोफ्यावर आडवा पडायचा, तेव्हा सासूबाई आता मोकळेपणाने म्हणायच्या, "इंजेक्शनची तारीख बघ रे, आली वाटतं."

पण मिहूला त्याने हात लावणं सोडलं.

घरात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब पायजमा घालून वावरायचा. मिहू रांगत त्याच्या पायांशी यायची, पायजम्याला धरून उभी राहायची. तो "आई, हिला घे," म्हणायचा. उचलावंच लागलं तर दुपट्यात गुंडाळून, भांड्याला फडकं धरावं तसं. मालीश आता गार्गी करायची, कापऱ्या हातांनी, आणि मिहू वैतागून रडायची.

"रिपोर्ट वाचलास ना?" गार्गीने एकदा विचारलं. "तुझ्या कातडीवर काही नाही. अत्तरद्यांनी पुसून पाहिलंय. तीनदा."

"वाचला."

"मग?"

"छापलेलं त्या वेळी पण वाचलं होतं मी," तो म्हणाला.

तिचंही तेच होतं. तिनेही रिपोर्ट वाचला होता, आणि तरी सकाळी मिहूच्या मानेत नाक खुपसून वास घेत होती. कपाटातलं भिंग काढून मिहूच्या अंगावरची जन्मलव आणि ते जाड केस यांतला फरक बघत होती. हर्षलच्या हातात पोर जाताना तिची नजर आपोआप त्याच्या बाह्यांवर जात होती, आणि तो ती नजर बघत होता. पुरावा कागदावर पूर्ण झाला होता. घरात मात्र रोज तपासणी चालू होती, आणि ती तपासणी आपण करतोय, हे तिच्या लक्षात यायला बरेच दिवस लागले.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी तिने तेल कोमट केलं. पाट मांडला. मिहूचे कपडे काढले आणि तिला वर्तमानपत्र वाचत बसलेल्या हर्षलसमोर नेऊन उभं केलं, एक हात धरून. पोरगी डुगडुगत होती.

"आज तू लाव."

"नको."

"तुझे गुडघे ठीक आहेत, माझे हात कापतात. तिला माझं मालीश आवडत नाही. तुझ्यासमोर रडते रोज, ऐकतोस ना?"

"गार्गी, नको म्हटलं ना."

मिहूने प्रश्न मिटवला. आईचा हात सोडून तिने एक पाऊल टाकलं, तिचं पहिलं, आणि दुसरं टाकायच्या ऐवजी बापाच्या गुडघ्यावर पडली. त्याने तिला धरलं. धरावंच लागलं.

मग त्याने वर्तमानपत्र बाजूला सरकवलं, पाटावर जाऊन बसला आणि पायजमा गुडघ्यांच्या वर दुमडू लागला. मिहूला मांड्यांवर पालथं घेतल्यावर त्याने मान वर केली.

"तू इथेच बस," तो म्हणाला. "लक्ष ठेव."

गार्गीला बसायचं होतं. अगदी पाटाशेजारी. तेल किती कढत आहे, मान कुठे वळते, कान झाकला का, सगळं बघायचं होतं. तिला दुसरं काही येतच नव्हतं.

"मला पोळ्या करायच्यात," ती म्हणाली, आणि आत गेली.

परातीत पीठ घेतलं. बाहेर तेलाच्या वाटीचा आवाज झाला, मग काही नाही. मग मिहूने एक कर्कश किंकाळी मारली. डोळ्यात तेल गेलं की गुदगुल्या झाल्या, ते आतून कळत नव्हतं. गार्गी दोन पावलं दाराकडे गेली. तिथे थांबली. मग मागे फिरून तिने पिठात पाणी घातलं आणि दाराकडे पाठ करून कणीक मळायला लागली.